भेगेवर लावलेली झाडं

कौशल्या झंझाडला मोहटोल्यात सगळे झाडवाली म्हणतात. तुमसर तालुक्यातलं हे गाव, चिखल्याहून फार लांब नाही. पण चिखल्याची खाण जमिनीखाली जाते, मोहटोल्याची उघडी आहे. एका खासगी कंपनीची. वरची माती आणि दगड काढून बाजूला टाकायचे, खालचं काळं मॅंगनीज उचलायचं, एवढं सरळ काम. बाजूला टाकलेल्या दगडमातीचा पंधरा-सोळा वर्षांत एक डोंगर उभा राहिला. कागदात त्याला डंप म्हणतात, आणि गावातही डंपच म्हणतात. त्याच्या पायथ्याशी धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं आहेत, बांध्यांच्या खाली तलाव आणि तलावाच्या पाळीला लागून गाव.

खाणीनं टाकलेल्या मातीवर पुन्हा झाडोरा उभा करणं कंपनीला बंधनकारक असतं. ते काम कौशल्यानं अकरा वर्षं केलं. सुरुवातीला ती साधी मजूर होती. नंतर आठ बायांची मेट झाली, म्हणजे टोळीची प्रमुख. शिक्षण सातवीपर्यंत. लहानपणापासून धानाचा रोवणा, म्हणजे लावणी केलेली, त्यामुळे कोणत्या मुळाला किती माती लागते हे तिच्या बोटांना कळायचं. खाणीचा पहिला मॅनेजर म्हातारा होता आणि हट्टी होता. जमिनीची वरची वीतभर काळी माती तो आधी वेगळी काढून ठेवायला लावायचा. दगडांचा ढीग झाला की ती माती त्यावर पसरायची आणि मगच खड्डे. कौशल्या त्याच्याकडूनच शिकली. डंपाची दक्षिण बाजू, जी खाणीच्या ऑफिसातून दिसते, ती तिनं त्याच्या काळात लावली. करंज, शिवण, बांबू, सीताफळ. आज तिथं ऊन जमिनीवर पडत नाही आणि सकाळी मोर ओरडतात.

म्हातारा निवृत्त झाला. नवा मॅनेजर आला आणि झाडांचं काम एका ठेकेदाराकडे गेलं. ठेकेदार कधी दिसला नाही, दिसायचा तो त्याचा सुपरवायझर मनिष. तुमसरचा, तिशीतला, बोलायला गोड. त्याच्या काळात काळी माती रस्त्याच्या भरावात गेली. उत्तरेची बाजू, जी बांध्यांच्या डोक्यावर येते, तिथं उघड्या दगडांत खड्डे केले गेले. झाडं लागली आणि होळीपर्यंत वाळून काड्या झाली.

दर वर्षी एक फॉर्म यायचा. किती रोपं लावली, किती जगली, उतार कसा आहे. खाली मेटची सही. पहिल्या वर्षी कौशल्यानं आकडे वाचले आणि म्हणाली की एवढी तर जगली नाहीत. मनिषनं समजावलं, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा लावणारच आहोत, तेव्हा आकडा आपोआप खरा होईल. तिनं सही केली. दुसऱ्या वर्षी तिनं विचारलं नाही. पुढं तर वाचलंही नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत ती उत्तरेच्या माथ्यावर एकटीच फिरत होती, उरलेल्या रोपांना पाणी कुठं कुठं द्यायचं ते पाहायला. तिथं तिला भेग दिसली. बोटभर रुंद, कडेला समांतर, चाळीसेक पावलं लांब. तिनं त्यात काडी घातली, काडी आत गेली. फेब्रुवारीत तिचा पंजा आत गेला. मार्चमध्ये कोपरापर्यंत हात गेला आणि खाली काही लागलं नाही.

तिनं मनिषला सांगितलं. तो म्हणाला, उन्हाळा आहे, जमीन तडकतेच, तुमच्या बांध्या नाही का तडकत? कौशल्याला ते पटलं नाही. बांधी तडकते ती जाळीसारखी, चहूकडून. ही एकच रेघ होती. शिवाय रेघेच्या बाहेरची बाजू आतल्या बाजूपेक्षा टीचभर खाली बसली होती. डोंगराचा एक तुकडा डोंगराला सोडून निघाला होता.

घरी तिनं नवऱ्याला सांगितलं. तुलाराम खाणीच्या गेटवर चौकीदार होता. मुलगा कुंदन खाणीतच टिप्पर चालवायचा. तुलारामनं जेवता जेवता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आपून तिघंही थ्याच खाणीतलं खातो कौशल्या. साहेबाले दिसत नसन का थे?"

दिसत असेल, असं तिलाही वाटलं. पण मन लागेना.

त्याच आठवड्यात गोमाजी लंजे तिला तलावाच्या पाळीवर भेटला. सत्तरीचा माणूस, कौशल्याचा नात्यानं मामेसासरा. डंपाच्या अगदी पायथ्याशी त्याच्या तीन बांध्या. मागच्या पावसाळ्यात वरून चिखलगोटे आले आणि त्याचं अर्धं धान गाडलं गेलं. त्यानं भरपाईसाठी अर्ज केला होता आणि त्याचं उत्तर आलं होतं. तो कागद तो घडी करून खिशात बाळगायचा. त्यानं तो तिच्या हातात दिला. कागदात लिहिलं होतं की सदर डंपावर वृक्षलागवड यशस्वी झाली असून उतार स्थिर आहे, लागवड प्रमुखाच्या स्वाक्षरीचे अहवाल सोबत जोडले आहेत.

"लागवड प्रमुख कोण व्हय सूनबाई?" गोमाजीनं विचारलं.

तिनं कागद परत दिला. गोमाजीनं तो घेतला, खिशात घडी ठेवली आणि निघून गेला.  फॉर्मवर सही करताना तिला वाटायचं, हा कागद ऑफिसातल्या कपाटात जातो आणि तिथंच राहतो. तो फिरून गोमाजीच्या खिशात येईल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

खाणीचा आराखडा दर पाच वर्षांनी तपासून घ्यावा लागतो. त्या वर्षी तो तपासायचा होता आणि कंपनीनं त्यासोबतच खाण वाढवायची परवानगी मागितली होती. परवानगी मिळाली नाही तर खनिज दोन वर्षांत संपणार आणि खाण बंद होणार, अशी गावात चर्चा होती. ती खोटीही नव्हती. गावातली निम्मी घरं खाणीवर चालायची. तपासणीला नागपूरहून अधिकारी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात येणार असं कळलं, तसा मोहटोल्याचा जीव टांगणीला लागला. सरपंचानं गावात सांगून ठेवलं की त्या दिवशी कोणी आडवं-तिडवं बोलायचं नाही.

तपासणीच्या तीन दिवस आधी ट्रकनं रोपं आली. सहा सहा फुटांची, हिरवीगार, करंज आणि कडुनिंब. मनिषनं सगळ्या बायांना उत्तरेच्या माथ्यावर नेलं. डोझर आधीच फिरून गेला होता. भेग मातीनं भरून वरून सपाट केली होती आणि साखळीच्या खुणा अजून ताज्या होत्या. मनिष म्हणाला की या पट्ट्यावर दाट लावा. आणि पिशव्या फाडू नका, पिशवीसकटच खड्ड्यात ठेवा. पाहणी झाली की रोपं नर्सरीला परत द्यायची आहेत.

टोळीतली सर्वात वडील गोदावरीबाई. ती रोप हातात धरून तशीच उभी राहिली. म्हणाली, "कायले गं कौशल्या? मुळं पिशवीतच ठेवाची?"

"सांगतात तसं करा बाई," कौशल्या म्हणाली.

आठही बायांनी कौशल्याकडं पाहिलं आणि मग खाली वाकून कामाला लागल्या. अकरा वर्षांत तिनं त्यांना पिशवी न फाडता रोप लावल्याबद्दल कितीदा रागावलं होतं. त्या दिवशी तिनं स्वतःच्या हातानं भेगेवर साठ-सत्तर रोपं ठेवली. संध्याकाळी मनिषनं तिला वेगळं बोलावून सांगितलं की येणाऱ्या अधिकारी मॅडमनी विचारलं तर ही तीन वर्षांपूर्वीची झाडं आहेत असं सांगायचं. त्यानं ते तिच्याकडून दोनदा म्हणूनही घेतलं. तिनं म्हटलं. मनाशी तिनं ठरवूनच टाकलं होतं की एक दिवसाचा प्रश्न आहे, निभावून नेऊ. मॅडम गेल्या की गोमाजीबाबांसाठी काहीतरी करू. काय करू, ते तिला माहीत नव्हतं.

तपासणीच्या दिवशी सकाळी दहाला जीप आली. अधिकारी बाई होत्या, मेघा शहारे नावाच्या. पस्तिशीच्या असतील, डोक्यावर टोपी, पायात बूट. सोबत संघपाल नावाचा सर्व्हेयर, खांद्यावर मापाचं यंत्र आणि ते ठेवायचं तिकाटणं. ऑफिसात चहा झाला, भिंतीवर चित्रं दाखवली गेली, मग सगळे दक्षिणेच्या बाजूनं वर चढले.

तिथं सगळं छान चाललं. मॅडमनी कौशल्याला खड्डा किती खोल घेता, माती कुठून आणली, बांबू किती वर्षांत धरला, असं विचारलं. कौशल्या खरं तेच सांगत गेली, कारण त्या बाजूला खोटं सांगायला काही नव्हतंच. मॅडम लिहून घेत होत्या. म्हणाल्या की असं काम जिल्ह्यात कमी ठिकाणी पाहिलं. कौशल्याला बरं वाटलं.

मॅनेजर म्हणाले की ऊन फार झालंय, जेवण तयार आहे. मॅडम म्हणाल्या, उत्तरेची बाजू पाहू आणि मग जाऊ.

माथ्यावरून चालत ते उत्तरेला आले. ओळीनं हिरवी रोपं उभी होती. आदल्या दिवशीच टँकरनं पाणी मारलं होतं. मॅडम रोपांकडं पाहत पाहत पुढं गेल्या आणि पट्ट्याच्या बरोबर वर, कडेपासून सात-आठ हातांवर थांबल्या. संघपालनं तिथंच तिकाटणं उभं केलं. एक पाय पट्ट्याच्या आत, दोन बाहेर. मग तो स्वतः वाकून यंत्रातून खाली बांध्यांकडं पाहू लागला.

कौशल्या त्यांच्या मागंच होती. काहीतरी विचारायचं म्हणून तिनं मान वळवली, तर मॅनेजर आणि मनिष तिथं नव्हते. दोघंही दहा-बारा पावलं मागं थांबले होते. डोझरच्या खुणांच्या अलीकडं. मनिषनं एक पाय पुढं टाकला, खाली पाहिलं आणि मागं घेतला.

तेव्हा तिला कळलं की त्यांना माहीत आहे. हे नुसतं उन्हानं तडकणं नाही, हे त्यांना ठाऊक होतं. ते स्वतः त्यावर पाय ठेवत नव्हते.

संघपालनं तिकाटण्याचा पाय रोवायला टाचेनं दाब दिला. माती खचली. थोडीच, चार बोटं. तो हसून म्हणाला, माती भुसभुशीत आहे. त्यानं पुन्हा पाय उचलला.

"मॅडम, तिथून हटा," कौशल्या म्हणाली.

मॅडमनी मागं पाहिलं. कौशल्याचा आवाज मोठा नव्हता, पण तिनं पुढं होऊन मॅडमचा दंड धरला होता. आणि दुसऱ्या हातानं संघपालला अलीकडं यायची खूण करत होती. दोघंही अलीकडं आले. मॅनेजर मागून काहीतरी बोलू लागले, ही बाई उन्हानं घाबरलीय असं काहीसं. मॅडमनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि कौशल्याला विचारलं, काय झालं.

कौशल्यानं इकडंतिकडं पाहिलं. खड्डे करायची सब्बल तिथंच दगडावर पडली होती, साडेचार-पाच फुटांची, लोखंडाची. ती तिनं उचलली, पट्ट्याच्या मधोमध उभी धरली आणि सोडून दिली. जोर लावला नाही. सब्बल आपल्याच वजनानं आत गेली, वितभर टोक वर राहिलं.

 संघपालनं पोटावर झोपून, हात लांब करून सब्बल हलवून पाहिली. मग मॅडमनी सर्वात जवळचं रोप धरून वर ओढलं. ते काळ्या पिशवीसकट वर आलं. पिशवीवर नर्सरीचा शिक्का होता. मॅडमनी ते आडवं ठेवलं, दुसरं ओढलं, तिसरं ओढलं, प्रत्येकाचा फोटो काढला. मग फाइल उघडून वार्षिक फॉर्म काढले.

"ही सही तुमची आहे?"

"माझीच हाय."

"म्हणजे यातली माहिती खोटी, हे तुम्हाला माहीत होतं?"

"सही खरी हाय मॅडम," कौशल्या म्हणाली. "लिवलेलं खोटं हाय. मले मालूम होतं."

जबाब खाणीच्या ऑफिसात नको, ग्रामपंचायतीत घेऊ, असं मॅडम म्हणाल्या आणि कौशल्याला जीपमध्ये बसवलं. गेटवर तुलाराम होता. त्यानं आडवा दांडा वर केला तेव्हा त्याला मागच्या सीटवर आपली बायको बसलेली दिसली. मागून मॅनेजरची गाडी येत होती. तुलाराम दांड्याचा दोर धरून उभा होता. त्या दुपारी तिला त्याच्याकडं पाहवलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तुलारामला गेटवर येऊ नको म्हणून सांगण्यात आलं. झाडांचं काम बंद झालं, म्हणजे आठही बायांचं काम गेलं. कुंदनच्या टिप्परला खेपा मिळेनात. चौथ्या दिवशी तो ताटावरून उठत म्हणाला, "माय, तुले काय भेटलं? थे मॅडम नागपूरले गेली. आपल्याले इथंच राहाचं हाय ना."  हातपंपावर ती गेली की बाया आपापले पाण्याचे गुंड उचलून बाजूला व्हायच्या. टोळीतल्या बायाही. त्यांचं चूक होतं असं ती आजही म्हणत नाही.

खरी भीती मेमध्ये आली. नागपूरहून कागद आला. कंपनीनं लेखी कळवलं होतं की रोपांच्या नोंदी मेट कौशल्या झंझाड हीच ठेवत असे, तिनं परस्पर खोटे आकडे भरले, व्यवस्थापनाला याची कल्पना नव्हती. सुनावणीला तिनं हजर राहावं. तो कागद घेऊन ती सरपंचाकडं गेली. सरपंच म्हणाला, जेलही होऊ शकते. त्याला खरं माहीत नव्हतं, पण तो म्हणाला.

तिनं तुलारामला सांगितलं की मी एकटी जाते. एवढे दिवस तो तिच्याशी कामापुरतंच बोलत होता. तो म्हणाला, "एकटी काहून जाशीन? मी काय मेलो हाओ का?" आणि सकाळच्या बसला तिच्याबरोबर चढला. तुमसरपासून नागपूरपर्यंत दोघं शेजारी बसले होते. रामटेकच्या फाट्यावर त्यानं उतरून तिच्यासाठी पाण्याची बाटली आणली.

सुनावणीच्या खोलीत लांब टेबल होतं. एका बाजूला कंपनीचे वकील, मॅनेजर, मनिष. दुसऱ्या बाजूला तीन अधिकारी, त्यात शहारे मॅडमही. वकिलांनी एकामागून एक फॉर्म टेबलावर ठेवले आणि प्रत्येकावरची सही तिला दाखवली. ही तुमची? हो. ही? हो. ही? हो. दर वेळी तिचा आवाज आणखी खाली जात होता. वकील म्हणाले, आता यापुढं विचारण्यासारखं काही उरत नाही.

मधल्या वयस्क अधिकाऱ्यानं तिला विचारलं की तुला काही सांगायचं आहे का. कौशल्यानं फॉर्म जवळ ओढले. पहिल्यांदाच ती ते सगळे एकत्र पाहत होती.  वकिलांनी घड्याळ पाहिलं. मग ती म्हणाली की मला एक कोरा कागद आणि पेन द्या.

कागद दिला गेला. तिनं विचारलं, कोणता आकडा लिहू? अधिकाऱ्यानं फॉर्मवरचाच एक आकडा सांगितला. कौशल्यानं तो लिहिला, मराठीत, शाळेत शिकली होती तसा, गोल गोल. दुसरा सांगितला, तोही मराठीत. मग तिनं फॉर्म त्या कागदाशेजारी ठेवले. सगळ्या फॉर्मवरचे आकडे इंग्रजी होते, तिरपे, एकाच घाईच्या हातानं काढलेले.

"मले इंग्रजी आकडे लिवता येत नाई साहेब," ती म्हणाली. "वाचता येतात थोडेफार. पहिल्या साली वाचून सही केली, मंग न वाचताच केली, थे माझं चुकलं. त्याची काय सजा असन थे द्या. पण लिवलं मी नाई."

अधिकाऱ्यानं मनिषला तेच आकडे लिहायला सांगितलं. मनिषनं पेन घेतलं, मॅनेजरकडं पाहिलं आणि पेन खाली ठेवलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आदेश आला. वाढीव खाणीची परवानगी थांबवली होती. डंपाचा उत्तर उतार पायऱ्या पायऱ्यांनी कापायचा, पायथ्याशी दगडी भिंत घालायची, काळी माती आणून पसरायची आणि हे होईपर्यंत डंपाखालच्या बांध्यांमध्ये कोणीही उतरायचं नाही. बांध्यांवर लाल झेंड्या लागल्या. कौशल्याला लेखी समज देण्यात आली, पुढं असं करू नये म्हणून. तिनं ती घरी आणली आणि देवाच्या फोटोमागं ठेवली.

गावाला आदेश आवडला नाही. बांध्या पडीक ठेवायच्या म्हणजे काय? गोमाजी तर सगळ्यात जास्त चिडला. त्याचे पऱ्हे, म्हणजे रोवणीची रोपं, टाकून झाले होते, रोवण्याचा हंगाम तोंडावर, आणि त्याला स्वतःच्याच वावरात जायला मनाई. तो कौशल्याच्या दारात येऊन म्हणाला, "तुले मी थो कागद माझं धान वाचवाले दाखवला होता, सूनबाई. तू तं वावरच घेतलं." ती आतून पाण्याचा गडवा घेऊन आली, पण तो थांबला नाही.

भिंतीचं काम रेंगाळत चाललं. जुलै संपत आला तेव्हा ती कंबरेइतकी झाली होती, तीही अर्ध्याच लांबीत. रोवणे सगळीकडं जोरात होते. त्या झेंड्या काढून टाकायची भाषा गावात रोज व्हायची. एकदा गोमाजीनं खरंच दोन उपटल्या. कौशल्यानं त्या पुन्हा लावल्या. दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा उपटल्या, तिनं पुन्हा लावल्या. मग ती रोज सकाळी भाकर बांधून धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर जाऊन बसू लागली, डोक्यावर पावसाची खोळ, म्हणजे मोरी घेऊन. कोण उतरतं ते पाहत. लोक हसायचे. तुलाराम दोन दिवस घरी बसला आणि तिसऱ्या दिवशी तोही छत्री घेऊन तिच्या शेजारी जाऊन बसला.

पाऊस चार दिवस थांबला नव्हता. पाचव्या दिवशी, गुरुवारी, गोदावरीबाईसह वीस-बावीस बाया रोवण्याला आल्या. गोमाजीनं त्यांना सांगितलं होतं. झेंड्यांचं मी पाहून घेतो, म्हणाला होता. कौशल्या बांधीच्या तोंडाशी आडवी उभी राहिली. बाया चिडल्या. एका हंगामाची मजुरी त्यांची आधीच बुडाली होती आणि आता हीसुद्धा. गोदावरीबाई पुढं आली. तीन महिने ती कौशल्याशी बोलली नव्हती.

"हट कौशल्या," ती म्हणाली. "आमाले काम करू दे."

"तुमाले ठावं हाय बाई थ्या पट्ट्यावर आपून काय लावलं," कौशल्या म्हणाली. "बाकीच्याईले नाई मालूम. तुमाले मालूम हाय."

गोदावरीबाईनं वर डंपाकडं पाहिलं. पावसात माथा दिसत नव्हता. मग ती वळली, पऱ्ह्यांची जुडी धुऱ्यावर ठेवली आणि बायांना म्हणाली की चला, आज गोमाजीचं नाही, आज पाटलाकडचं करू. काही बाया बडबडल्या, पण गेल्या. गोमाजी भिजत उभा राहिला आणि मग शिव्या देत घराकडं निघाला.

डंप दुपारी चारच्या सुमारास आला. आवाज फार मोठा झाला नाही. रेतीची गाडी रिकामी होते तसा, पण थांबेना असा. कौशल्या आणि तुलाराम धुऱ्यावरून उठून तलावाच्या पाळीकडं पळाले. पाळीवर चढून पाहिलं तेव्हा माथ्याचा एक तुकडा नव्हताच. लाल-काळा चिखल दगड घेऊन खाली येत होता. भिंतीच्या बांधलेल्या अर्ध्या भागापाशी तो थोडा अडला, उरलेल्या अर्ध्यातून बाहेर पडला आणि गोमाजीच्या तीनही बांध्या भरून तलावाच्या पन्नास पावलं अलीकडं थांबला. सकाळी बाया जिथं उतरणार होत्या, तिथं दोन पुरुष उंच चिखल होता.

पाळीवर हळूहळू सगळं गाव जमलं. कुंदनही रस्त्यावरून धावत आला. त्यानं आधी आईला शोधलं, मग बापाला, आणि मग चिखलाकडं पाहिलं. आईच्या डोक्यावरची मोरी सरकली होती, ती त्यानं सरळ केली. गोदावरीबाई पाळीवर खाली बसून राहिली. तिला उठवायला दोघी लागल्या.

गोमाजीच्या बांध्या गेल्या त्या गेल्याच. भरपाईचा अर्ज चालू आहे. तो कौशल्याशी अजूनही नीट बोलत नाही, पण तिच्याबद्दल कोणी वाईट बोललं तर त्याला दटावतो. तुलाराम आता तुमसरच्या राईस मिलमध्ये जातो. खाणीचा मॅनेजर बदलला, मनिष कुठं गेला ते कोणाला माहीत नाही. वाढीव परवानगीची फाइल अजून नागपुरात आहे. खाण निम्म्यानं चालते, आणि पुढं काय होईल हे मोहटोल्यात कोणी छातीठोक सांगत नाही.

मागच्या वर्षी नव्या मॅनेजरनं कौशल्याला बोलावणं पाठवलं. उत्तरेचा उतार पायऱ्यांत कापून झाला होता, आता झाडं लावायची होती. ती गेली, वर चढून पाहिलं आणि म्हणाली की माती नाही. मॅनेजर म्हणाले की माती येईल, खड्डे तर सुरू करा. ती म्हणाली, आल्यावर सुरू करू. आणि आपल्या बायांना घेऊन करंजाखाली जाऊन बसली. अकरा दिवस त्या रोज येऊन बसत होत्या आणि संध्याकाळी घरी जात होत्या. बाराव्या दिवशी मातीचे टिप्पर आले.

माती पसरून झाली तरी तिनं रोपं मागवली नाहीत. गोदावरीबाईनं विचारलं की झाडं कधी.

"यंदा नाई," कौशल्या म्हणाली. "यंदा नुसतं गवत. आंधी माती धरू दे."

आणि दोघी काखेतल्या टोपल्यांतून गवताचं बी टाकत पहिल्या पायरीवरून चालू लागल्या.